ऑलिम्पिक खेळ आणि त्यांचा कारभार समजून घ्यायचा आहे : सुरुवात कुठून करावी?

कृष्णाकाठ :

नमस्कार मंडळी. १ ऑगस्ट २०२४ रोजी दुपारी एकच्या सुमारास, जेवणाच्या सुट्टीत, आमच्या शाखेतले आठजण एका मोबाइलभोवती कोंडाळे करून राधानगरी तालुक्यातल्या स्वप्निल कुसाळेची पॅरिस ऑलिम्पिकमधली ५० मीटर रायफल थ्री पोझिशनची अंतिम फेरी पाहत होतो. पात्रता फेरीत ५९० गुणांसह सातवा आलेला नेमबाज अंतिम फेरीत तिसरा कसा येतो, मध्येच दोघे रायफल ठेवून बाजूला का होतात, पडद्यावरचे ४५१.४ हे गुण कशाचे, यातले काहीच आमच्यापैकी एकालाही सांगता येत नव्हते. पदक मिळाल्यावर पेढे मात्र सगळ्यांनी खाल्ले. त्यानंतर सहाच दिवसांनी कुस्तीच्या अंतिम लढतीआधी विनेश फोगाट शंभर ग्रॅम वजन जास्त भरल्याने बाद झाली आणि आदल्या दिवशीपर्यंत ज्यांना तो नियमच ठाऊक नव्हता ते सगळे, मीसुद्धा, त्याच नियमावर तावातावाने बोलू लागलो. त्याची मला अजून थोडी लाज वाटते.

लॉस एंजेलिसचे ऑलिम्पिक १४ ते ३० जुलै २०२८ या काळात आहे. तोवर हे खेळ, आणि ते चालवणाऱ्या संघटना, लवाद, निलंबने वगैरे प्रकरण, प्रेक्षक म्हणून नीट समजावे अशी इच्छा आहे. रोज अर्धा तास देऊ शकते, इंग्रजी वाचायची अडचण नाही. कोणता खेळ धरावा, काय वाचावे आणि कोणत्या क्रमाने, हे जाणकारांनी सांगावे.

तांबडीमाती :

ताई, माझा सल्ला असा की सगळे ऑलिम्पिक धरायला जाऊ नका, एकच खेळ धरा आणि त्याची नियमावली आधी वाचा. मी कुस्तीतला, तालुका पातळीवर काही वर्षे पंच होतो, त्यामुळे कुस्तीच सुचवणार हे उघड आहे. पण त्याला कारणही आहे. खेळ आणि कारभार यांची गाठ जितकी स्पष्ट कुस्तीत दिसते तितकी फार थोड्या खेळांत दिसत असेल.

विनेशचेच घ्या. पहिल्या फेरीत तिच्यासमोर जपानची युई सुसाकी होती, आंतरराष्ट्रीय कुस्तीत तोवर एकदाही न हरलेली. शेवटचे काही क्षण उरेपर्यंत विनेश ०-२ अशी मागे होती आणि ते दोन्ही गुण निष्क्रियतेचे होते, म्हणजे पंचांनी बजावल्यावर तीस सेकंदांत गुण न मिळवल्यामुळे प्रतिस्पर्ध्याला गेलेले. मग तिने ताबा घेऊन दोन गुण मिळवले. आता २-२ झाले तरी कुस्ती विनेशचीच होती, कारण बरोबरी झाली की आधी कोणाचा डाव मोठ्या गुणाचा हे पाहतात. जपानच्या बाजूने निर्णयाला आव्हान दिले गेले, ते फेटाळले गेले आणि त्याचा एक गुण विनेशला मिळून ३-२ असा निकाल लागला. हे चार नियम माहीत असतील तर ते शेवटचे क्षण पुन्हा लावून पाहा, वेगळीच कुस्ती दिसेल.

आता वजनाचे. २०१७ पर्यंत आदल्या संध्याकाळी वजन घेऊन दुसऱ्या दिवशी एका वजनगटाच्या सगळ्या कुस्त्या उरकत असत. मल्ल रात्रीत पाच-सहा किलो पाणी भरून मॅटवर उतरत, हे तालमीत सगळ्यांना माहीत होते. तो प्रकार आवरावा म्हणून जागतिक संघटनेने कुस्त्या दोन दिवसांवर नेल्या आणि दोन्ही सकाळी वजन द्यायचे असे ठरवले. दुसऱ्या सकाळी जो मल्ल वजनात बसणार नाही तो स्पर्धेतून बाद आणि क्रमवारीत शेवटचा. विनेश मूळची ५३ किलोची. त्या गटातली जागा अंतिम पंघालने आधीच मिळवली होती म्हणून ती ५० वर उतरली. तेव्हा पॅरिसची ती सकाळ समजून घ्यायची तर २०१७ पासूनची गोष्ट पाहावी लागते. नियम बरा की वाईट हा वाद मग करावा. मला स्वतःला आदल्या दिवशीच्या जिंकलेल्या कुस्त्याही पुसल्या जाव्यात हे पटत नाही.

आणखी एक, २०१३ सालचे. फेब्रुवारीत आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीच्या कार्यकारी मंडळाने कुस्ती कायमस्वरूपी खेळांच्या यादीतून काढण्याची शिफारस केली. ज्या खेळात खाशाबा जाधवांनी १९५२ साली हेलसिंकीत पदक घेतले तो खेळच जाणार, या बातमीने आमच्या तालमीत त्या दिवशी कोणी जोर मारले नाहीत. कुस्तीच्या जागतिक संघटनेच्या अध्यक्षांना पायउतार व्हावे लागले, त्यांच्या जागी नेनाद लालोविच आले, तीन स्वतंत्र फेऱ्यांऐवजी तीन-तीन मिनिटांच्या दोन फेऱ्या आणि एकत्रित गुण अशी रचना झाली, आणि सप्टेंबरात ब्युनोस आयर्स येथे ४९ मते मिळवून कुस्ती परत आली. बेसबॉल-सॉफ्टबॉलला २४ आणि स्क्वॉशला २२ मते पडली. त्याच सुधारणांत महिलांचे वजनगट चारांवरून सहा झाले. लंडनमध्ये ५८ किलोचा महिला गट नव्हता, रिओत होता, आणि साक्षी मलिकचे कांस्यपदक त्याच गटातले आहे. कारभार कंटाळवाणा वाटला की मी हे उदाहरण सांगतो.

उंटावरचाशहाणा :

वरील प्रतिसाद उत्तम आहे, पण मी उलटा सल्ला देईन. नियमावली आधी वाचायला बसलात तर पंधरा दिवसांत कंटाळाल. आधी खेळ डोळ्यांत भरू द्या. मैदानी स्पर्धांपासून सुरुवात करा, कारण तिथे घड्याळ आणि फूटपट्टी निकाल देते, पंचाची मर्जी सांभाळावी लागत नाही. बीडच्या अविनाश साबळेने पॅरिसमध्ये तीन हजार मीटर स्टीपलचेसची, म्हणजे अडथळ्यांच्या शर्यतीची, अंतिम फेरी गाठली, तिथे तो अकरावा आला. अकरावा म्हटल्यावर बातम्यांनी त्याला दोन ओळी दिल्या; ती शर्यत पूर्ण पाहा आणि मग ठरवा अकरावा म्हणजे किती. डायमंड लीग या मैदानी स्पर्धांच्या मालिकेतल्या शर्यती दरवर्षी असतात, ऑलिम्पिकची वाट पाहावी लागत नाही. संघटना, लवाद आणि निलंबने कुठे पळून जात नाहीत.

लेमानकिनारा :

मी गेली काही वर्षे स्वित्झर्लंडमध्ये, लोझानपासून गाडीने पाऊण तासावर राहतो. इथे आल्यावर जाणवलेली एक गोष्ट सांगतो, ती म्हणजे या सगळ्या कारभाराचा भूगोल फार लहान आहे. ऑलिम्पिक समिती लोझानमध्ये, खेळांतले वाद निकाली काढणारा क्रीडा लवाद लोझानमध्ये, कुस्तीची जागतिक संघटना लोझानच्याच तळ्याच्या काठाने पुढे गेले की लागते. ऑलिम्पिक संग्रहालय पाहायला पाहुणे आले की त्यांना घेऊन जातो, पण खरे संग्रहालय म्हणाल तर ते या संस्थांच्या संकेतस्थळांवर आहे आणि त्याला तिकीट नाही.

कृष्णाकाठ यांना माझी शिफारस क्रमाने सांगतो. पहिले, ऑलिम्पिक सनद, म्हणजे या सगळ्या कारभाराची मूळ नियमावली. ती विनामूल्य उतरवून घेता येते. सगळी वाचू नका, देशोदेशीच्या ऑलिम्पिक समित्यांबद्दलचा आणि समितीच्या सदस्यत्वाबद्दलचा भाग वाचा. सदस्यांची निवड विद्यमान सदस्यच करतात, हे समजले की पुढच्या अनेक गोष्टींचे आश्चर्य वाटेनासे होते. दुसरे, क्रीडा लवादाची निकालपत्रे. विनेशच्या प्रकरणात १४ ऑगस्टला अर्ज फेटाळल्याची एक ओळ आली आणि आपल्याकडे तिथेच चर्चा संपली. पुढे सविस्तर निकालपत्र आले, त्यात नियम स्पष्ट आणि सर्वांना सारखा आहे असे म्हणतानाच त्याचे परिणाम फार कठोर असल्याचेही नोंदवले होते. निकालपत्राची भाषा वकिली असली तरी घटनाक्रमाचा भाग कोणालाही वाचता येतो, आणि वर्तमानपत्रात न आलेले तपशील तिथेच असतात. तिसरे, उन्हाळी खेळांच्या आंतरराष्ट्रीय संघटनांची जी शिखर संघटना आहे, ती ठरावीक काळाने आपल्या सदस्य संघटनांच्या कारभाराला गुण देते. तो अहवाल जरूर पाहा, फक्त हे ध्यानात ठेवा की परीक्षा घेणारी संस्था परीक्षार्थींनीच बनलेली आहे.

एकच प्रकरण मुळापासून वाचायचे असेल तर मुष्टियुद्ध घ्या. १९८८ च्या सोलमधील रॉय जोन्स ज्युनियरची अंतिम लढत, जी त्याने जिंकली असे जवळजवळ सगळ्या जगाला दिसले आणि पाचपैकी तीन पंचांना दिसले नाही, तिथून सुरू करा. २०१९ मध्ये समितीने मुष्टियुद्धाच्या जागतिक संघटनेला निलंबित केले, टोकियो आणि पॅरिसच्या लढती समितीने स्वतःच भरवल्या, आणि जून २०२३ मध्ये आर्थिक व्यवहार, पंचगिरी आणि कारभार या कारणांवरून मान्यताच काढून घेतली. संघटना लवादाकडे गेली, एप्रिल २०२४ मध्ये तिथेही हरली. मधल्या काळात वर्ल्ड बॉक्सिंग नावाची नवी संघटना उभी राहिली, भारत तिच्यात गेला, आणि मार्च २०२५ मध्ये मुष्टियुद्ध लॉस एंजेलिसच्या यादीत आले. याचा प्रेक्षकाला त्रास असा की २०२५ मध्ये महिलांच्या दोन जागतिक स्पर्धा झाल्या, मार्चमध्ये सर्बियातील निश येथे जुन्या संघटनेची आणि सप्टेंबरमध्ये लिव्हरपूलला नव्या संघटनेची. जास्मिन लंबोरिया आणि मीनाक्षी हुडा यांची सुवर्णपदके लिव्हरपूलची आहेत. ‘जगज्जेती’ हा शब्द बातमीत दिसला की कोणत्या संघटनेची, हे विचारायची सवय लावून घ्या.

कृष्णाकाठ :

इतक्या तपशिलाने लिहिल्याबद्दल सर्वांचे आभार. एक शंका राहिली. भारताच्या बाजूने हे सगळे कसे जोडलेले आहे? आणि कुसाळेच्या त्या ४५१.४ चे कोडे कोणी सोडवेल का?

दहापूर्णांकनऊ :

कोडे मी सोडवते, माझी मुलगी पुण्यात नेमबाजी शिकते. पात्रता फेरीत गुडघ्यावर, पालथे आणि उभे राहून प्रत्येकी वीस गोळ्या, प्रत्येकीला पूर्णांकात गुण, म्हणून कमाल ६००. अंतिम फेरीतले आठजण मात्र शून्यापासून सुरू करतात आणि तिथे गुण दशांशात मोजतात, एका गोळीला जास्तीत जास्त १०.९. गुडघ्यावर पंधरा, पालथे पंधरा, उभे राहून दहा झाल्या की तळाचे दोघे एकदम बाहेर. तुम्हाला दिसलेले ते हेच. नंतर प्रत्येक गोळीला एकेक जण कमी होतो. चव्वेचाळिसाव्या गोळीनंतर जो बाहेर पडतो तो तिसरा, आणि ४५१.४ ही त्या चव्वेचाळीस गोळ्यांची बेरीज. भागून पाहा, उभ्याने मारलेल्या धरूनही सरासरी दहाच्या वर येते.

दुसरी गोष्ट कोट्याची. कुसाळेने २०२२ च्या कैरोतील जागतिक स्पर्धेत चौथा क्रमांक मिळवून पॅरिसचा कोटा, म्हणजे तिथली एक जागा, आणला, पण तो कोटा नेमबाजाचा नसतो, देशाचा असतो. त्यामुळे दीड वर्षानंतर निवड चाचण्यांत त्याला स्वतःची जागा पुन्हा मिळवावी लागली. कुस्तीतही कोटा देशाचाच. तेव्हा ‘अमुक खेळाडू ऑलिम्पिकसाठी पात्र’ अशी बातमी आली की कोटा कोणाच्या नावावर आहे हे त्या खेळाच्या पात्रता-नियमांत पाहावे. हे नियम प्रत्येक खेळाचे वेगळे असतात आणि ऑलिम्पिकच्या बरेच आधी प्रसिद्ध होतात. आमच्या ओळखीच्या एका मुलाच्या घरी राज्य पातळीवरच्या अशाच गैरसमजातून सत्कारसुद्धा उरकला होता.

भारताच्या बाजूबद्दल थोडक्यात. डिसेंबर २०१२ मध्ये निवडणुकांच्या वादावरून भारतीय ऑलिम्पिक संघटना निलंबित झाली आणि फेब्रुवारी २०१४ मध्ये सोचीच्या हिवाळी ऑलिम्पिकच्या उद्घाटनात आपले तिघे खेळाडू ऑलिम्पिकच्या ध्वजाखाली चालले. निलंबन स्पर्धा चालू असतानाच उठले आणि समारोपाला तिरंगा होता. ऑगस्ट २०२३ मध्ये वेळेत निवडणुका न झाल्याने कुस्ती महासंघ निलंबित झाला, तोही फेब्रुवारी २०२४ पर्यंत. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने राष्ट्रीय क्रीडा प्रशासन कायदा केला, त्यात क्रीडा मंडळ आणि क्रीडा न्यायाधिकरण यांची तरतूद आहे. कायदा मुळातून वाचा, फार मोठा नाही.

उंटावरचाशहाणा :

वर मी घड्याळ आणि फूटपट्टीची फुशारकी मारली, तर तिला एक पुरवणी जोडतो, नाहीतर तांबडीमाती मला सोडणार नाहीत. घड्याळाने दिलेला निकालही अंतिम नसतो. उत्तेजकांच्या चाचणीचे नमुने दहा वर्षांपर्यंत पुन्हा तपासता येतात. लांब उडीतल्या अंजू बॉबी जॉर्जचे २००५ मधले मोनॅकोतील जागतिक अंतिम स्पर्धेचे रौप्य कित्येक वर्षांनी सुवर्ण झाले, कारण पहिली आलेली रशियन खेळाडू बाद ठरली. ज्या ७ ऑगस्टला विनेश बाद झाली त्याच दिवशी पॅरिसमध्ये अमेरिकेच्या फिगर स्केटिंग संघाला बीजिंग २०२२ ची सुवर्णपदके देण्यात आली. कारण तिथे पहिल्या आलेल्या रशियन संघातल्या कमिला वालियेवाच्या डिसेंबर २०२१ च्या नमुन्यात उत्तेजक सापडले होते आणि ते प्रकरण लवादात संपायला जानेवारी २०२४ उजाडला होता. मैदानी खेळांच्या स्वतंत्र सचोटी विभागाची बंदी घातलेल्यांची यादी संकेतस्थळावर असते. त्यात आपल्या देशाची किती नावे आहेत ते एकदा मोजा, आनंद होणार नाही.

कृष्णाकाठ :

ठरले. कुस्ती धरते, आणि या रविवारी विनेश-सुसाकी लढत नियम समोर ठेवून पाहते. सनदेतले दोन भाग आणि निकालपत्र या महिन्यात. मुष्टियुद्धाचे प्रकरण सवडीने. जपानच्या आइची-नागोयातील आशियाई स्पर्धेपर्यंत निदान गुणफलक तरी वाचता यावा एवढीच अपेक्षा आहे. शेवटची व्यावहारिक शंका, लॉस एंजेलिसच्या वेळा नोकरी करणाऱ्याला जमतील का?

लेमानकिनारा :

जुलैत तुम्ही त्यांच्या साडेबारा तास पुढे असाल. तिथली संध्याकाळी सातची लढत तुम्हाला दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसातला दिसेल, म्हणजे पदकाच्या कुस्त्या संध्याकाळी ठेवल्या तर डबा भरता भरता पाहता येतील. सकाळच्या सत्रासाठी मात्र रात्री जागावे लागेल. आणि मैदानी स्पर्धा या वेळी पहिल्या आठवड्यात आहेत, जलतरण दुसऱ्या. रजा टाकताना जुन्या सवयीने चुकू नका.