२२० रुपयांचा साबण: लूट की मेहनतीचा दाम?

सुदामानगरची
काल इथे कुणीतरी लिहिलं की इंदूरच्या राजवाड्याजवळच्या प्रदर्शनात हातचा साबण २२० ला होता, "दुकानात ४० ला मिळतो, ही सरळ लूट आहे". मी साबण करते म्हणून राहवलं नाही. शंभर ग्रॅमच्या वडीला खोबरेल, ऑलिव्ह, एरंडेल धरून ६० रुपये सामानातच जातात, २०२५ मध्ये खोबरेल किती कडाडलं ते आठवतंय ना? मग चार ते सहा आठवडे वाळवायचा, तोवर पैसे अडकलेले, आणि पाणी उडून वजन घटतं ते वेगळंच, साच्यात ११५ ग्रॅम ओतावं तेव्हा हाती शंभर येतं. डबी-लेबल १५. दुकानदार छापील किमतीतले ४० टक्के कापतो म्हणजे ८८ गेले. उरले ५७, त्यात माझी मजुरी, गॅस, बिघडलेला घाणा सगळं आलं.

मल्हारगंजवाले काका
ताई, गिऱ्हाईक तुमची मजुरी नाही, साबण विकत घेतं. सियागंजच्या घाऊक बाजारात आयुष्य गेलं माझं, भाव बाजार ठरवतो. आणि निम्म्या बायका तर तयार साबणाचा बेस वितळवून रंग घालतात नि वर हॅन्डमेड छापतात!

उटणेवाली
काका, निम्म्या म्हणजे कोण? मी बेसच वितळवते, लेबलवर तसं लिहिते, १२० ला विकते. घरात लहान पोर आहे, तेलाचा साबण करायला लागणारा तो जाळणारा कॉस्टिक सोडा कुठे ठेवू?

सुदामानगरची
तुम्ही लिहिता, बाकीच्या नाही लिहीत ना! शेजारच्या स्टॉलवर १२० चा बघून लोक मला "तुम्हीच महाग का" विचारतात.

उटणेवाली
मग तुमचं लायसन्स दाखवा. २०२० च्या कॉस्मेटिक्स नियमांप्रमाणे विकायला साबण बनवायचा तर लायसन्स लागतं, घरच्या ओट्यावर केला तरी.

सुदामानगरची
आहे माझ्याकडे, आणि त्याचा खर्चही किमतीतच धरावा लागतो!!

मल्हारगंजवाले काका
भांडू नका. साबणावरचा जीएसटी १८ टक्क्यांचा ५ झाला, तो कुठे गेला?

सुदामानगरची
वर्षाची उलाढाल ४० लाखांच्या आत, म्हणून जीएसटीची नोंदणीच नाही, आम्ही लावतच नव्हतो तर कमी काय करणार?

रामबागकर
माझ्या सासूबाई दिवाळीला उटणं सामानाच्या भावात द्यायच्या, सगळ्याजणी "किती छान" म्हणून पाच-पाच पाकिटं न्यायच्या. गुडघे गेल्यावर दळायला बाई लावली, तिचा रोज धरून भाव वाढवला तर त्याच बायका फिरकल्या नाहीत. पहिल्या दिवसापासून मजुरी धरायलाच हवी.

मल्हारगंजवाले काका
बरं, वजन घटतं ते मला ठाऊक नव्हतं, तेवढं मान्य. तरी २२० जास्तच. पन्नास ग्रॅमची वडी ११० ला ठेवा, नवा माणूस हात तरी घालेल.

सुदामानगरची
छोट्या वडीलाही डबी-लेबल तेवढंच लागतं काका, ११० ला नाही परवडत. १३० ला ठेवून बघते.