मदत हवी आहे: बर्लिन साल्सा काँग्रेसला स्वस्तात कसं जावं?

नमस्कार मंडळी, मी जर्मनीत माग्डेबुर्गला शिकते. बर्लिनच्या एस्ट्रेल हॉटेलात भरणाऱ्या साल्सा काँग्रेसला (साल्सा नाचाचा महोत्सव, दिवसा वर्कशॉप्स, रात्री पार्ट्या) मैत्रिणीबरोबर जायचंय, शनिवार-रविवार उरकून परत. बजेट अर्थातच विद्यार्थ्यांचं.

प्रवासाची चिंता नाही. डॉइचलँड-टिकीट (देशभरच्या लोकल आणि रीजनल गाड्यांचा मासिक पास) आहेच, आरई १ या रीजनल गाडीने बर्लिनचं ओस्टक्रॉइत्स स्टेशन, तिथून रिंगबानने (शहराभोवती गोल फिरणारी एस-बान, म्हणजे लोकल) दुसरं स्टेशन झोनेनाले, पुढे हॉटेलपर्यंत चालत. शनिवारी एस-बान रात्रभर असते, म्हणजे पहाटे तीनला टॅक्सीचा भुर्दंड नको. घोडं अडलंय राहण्यापाशी. नॉयक्योल्नमध्ये (हॉटेल याच भागात आहे) किंवा रिंगबानच्या आसपास मुलींसाठी बरं, स्वस्त हॉस्टेल कोणी सुचवेल का?

दुसरं, पूर्ण पास घ्यावा की नुसता पार्टीचा? ऑन वन (तालाच्या पहिल्या ठोक्यावर मुख्य पाऊल टाकायची पद्धत) बऱ्यापैकी येतं, क्रॉस बॉडी लीड, राइट टर्न वगैरे साध्या स्टेप्स. पण ऑन टू (मुख्य पाऊल दुसऱ्या ठोक्यावर) लागलं की माझा पाय हट्टाने 'एक'वरच पडतो! अशा व्यक्तीला दिवसभराची वर्कशॉप्स झेपतील का? नाहीतर पैसे पाण्यात.

सुएड सोलचे (मऊ, खरखरीत चामड्याच्या तळव्याचे) नाचाचे शूज पिशवीतूनच नेणार, ओल्या फुटपाथवर त्यांची वाट लागते. सोबत दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी आहे. आत डबा चालतो का, तेही सांगा. आणखी कोणी येत असेल तर कळवा, खोली वाटून घेऊ.