माण तालुक्यात वकिली करायची आहे: विधी प्रवेश, जातपडताळणी आणि उमेदवारीबाबत मार्गदर्शन हवे

सर्वांना नमस्कार.

मी साताऱ्यातील एका महाविद्यालयात बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला शिकते, विषय राज्यशास्त्र. आमचे गाव माण तालुक्यात आहे आणि घर मेंढपाळ धनगरांचे. पदवीनंतर तीन वर्षांचे विधी शिक्षण घेऊन दहिवडीच्या न्यायालयात वकिली करायची, असे मी ठरवले आहे. ठरवले आहे म्हणते खरी, पण ज्याला ज्याला हे सांगितले त्या प्रत्येकाने वेगळीच अडचण दाखवली, आणि त्यातली कोणती खरी व कोणती नुसती भीती, हे मला एकटीला ठरवता येत नाही. दहिवडीच का, हे सांगितल्याशिवाय माझे प्रश्न नीट कळणार नाहीत, म्हणून आधी तेच थोडे विस्ताराने लिहिते.

दिवाळी झाली की आमचा वाडा मेंढरे, घोडी आणि लहान मुलांसह पश्चिमेकडे निघतो आणि मृगाच्या सुमारास परततो. (शहरातल्या वाचकांसाठी: वाडा म्हणजे चिरेबंदी घर नव्हे, एकत्र फिरणाऱ्या कुटुंबांचा तळ.) हे सहा-सात महिने कोणाच्या ना कोणाच्या रानात मेंढरे बसवायची, त्या खताच्या बदल्यात धान्य किंवा पैसे घ्यायचे आणि पुढे सरकायचे. मला आजीच्या हट्टामुळे आश्रमशाळेत घातले गेले, म्हणून मी शिकले.

मी नववीत असताना आजोबा वारले. त्यानंतरच्या हिवाळ्यात वाडा भोरच्या बाजूला होता, आणि गावात राहणाऱ्या माझ्या थोरल्या चुलत्यांनी वारस नोंदीसाठी अर्ज देऊन त्यात वारस म्हणून केवळ स्वतःचे नाव घातले. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम १५० प्रमाणे अशा फेरफाराची नोटीस हितसंबंधितांना द्यावी लागते आणि हरकत घेण्यासाठी १५ दिवस मिळतात. नोटीस निघाली, चावडीवर लागली, आमच्या दाराला कुलूप होते, १५ दिवस गेले आणि नोंद प्रमाणित झाली. फाईल पाहिली तर प्रक्रियेचा एकही टप्पा चुकलेला दिसत नाही.

मृगाला परत आल्यावर वडील पीक विम्याच्या अर्जासाठी सातबारा काढायला गेले, तेव्हा मी सोबत होते. केंद्रावरच्या मुलाने छापील उतारा हातात दिला आणि त्यावरचे एकच नाव वाचून दाखवले. वडिलांना वाचता येत नाही. बाकीची नावे मागच्या बाजूला असतील, असे समजून त्यांनी कागद उलटला. मागची बाजू कोरी होती.

पुढे प्रांतांकडे (उपविभागीय अधिकाऱ्यांकडे) कलम २४७ खाली अपील केले. ६० दिवसांची मुदत टळून गेली होती, म्हणून विलंब माफीचा अर्ज जोडला. परंतु सुनावणीच्या तारखा नेमक्या वाडा बाहेर असताना पडल्या, वडील दोनदा हजर राहू शकले नाहीत आणि प्रकरण गैरहजेरीत निकाली निघाले. शेवटी गावातल्या चार जाणत्या माणसांनी बसून वडिलांचा हिस्सा मान्य करून घेतला. अट एवढीच की माझ्या दोन्ही आत्यांनी हक्कसोड पत्र द्यावे.

त्या दस्ताच्या दिवशी दुय्यम निबंधक कार्यालयाबाहेरच्या बाकावर बसून मी आत्यांना मजकूर वाचून दाखवला. तेव्हा मी सतरा वर्षांची होते. ‘स्वखुशीने व कोणाच्याही दडपणाशिवाय’ इथपर्यंत आल्यावर धाकट्या आत्याने मला थांबवले आणि विचारले, “सोखुशीनं म्हंजी काय गं?” मी अर्थ सांगितला. ती क्षणभर माझ्याकडे पाहत राहिली आणि म्हणाली, “मग तसंच हाय म्हन. म्हायेर तुटाय नको.” आत जाऊन तिने अंगठा दिला. मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाच्या बरोबरीने जन्मतः हक्क देणारी दुरुस्ती ९ सप्टेंबर २००५ पासून लागू आहे, आणि त्या तारखेला वडील हयात असण्याची अट नाही हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये विनीता शर्मा प्रकरणात स्पष्ट केले आहे, हे मी नंतर बी.ए.च्या पहिल्या वर्षी वाचले. दस्त वाचणारी मीच होते आणि मला त्यातले काहीही ठाऊक नव्हते.

आमच्या आजीला तिच्या वडिलांनी पत्रीसरकारच्या गोष्टी सांगितल्या होत्या; १९४३ ते १९४६ या काळात न्यायदान मंडळे गावातच बसून जमिनीचे आणि सावकारीचे तंटे मिटवत, याचे तिला फार कौतुक होते. (त्या मंडळांपुढे बाईला किती बोलू देत, हे मात्र तिने कधी सांगितले नाही.) आज तसे काही मागण्यात अर्थ नाही. पण वाडा बाहेर असताना गावात लागलेली नोटीस कोणीतरी वाचावी, १५ दिवसांच्या आत हरकत द्यावी आणि तारखेला उभे राहावे, एवढे काम करणारा माणूस तालुक्यातच हवा. ते काम मला करायचे आहे.

आता अडचणी लिहिते.

पहिली अडचण जात वैधता प्रमाणपत्राची. भटक्या जमाती ‘क’ प्रवर्गातून व्यावसायिक अभ्यासक्रमाला प्रवेश घ्यायचा तर ते लागते, आणि त्यासाठी २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वीचा पुरावा मागतात. आजोबा शाळेत गेलेच नव्हते, त्यामुळे शाळा सोडल्याचा दाखला नाही. अशा फिरत्या कुटुंबाने कोणता पुरावा द्यावा?

दुसरी गोष्ट महाविद्यालयाची. साताऱ्यात रयत शिक्षण संस्थेचे इस्माईलसाहेब मुल्ला विधी महाविद्यालय आहे आणि माझी ओढ तिकडे आहे. आमच्या एका प्राध्यापकांचे मत असे की इंग्रजी सुधारायचे असेल तर पुण्याला पर्याय नाही. माझे सारे शिक्षण मराठीतून झाले आहे. प्रवेश परीक्षा मराठीतूनही देता येते, पण त्यापुढे तीन वर्षे आणि नंतर न्यायालयात इंग्रजीवाचून किती अडते?

तिसरी आणि मला सर्वांत भेडसावणारी बाब उमेदवारीची, म्हणजे ज्येष्ठ वकिलाच्या हाताखाली काढायच्या सुरुवातीच्या वर्षांची. तालुक्याच्या न्यायालयात नव्या वकिलाला, त्यातही मुलीला, पहिली काही वर्षे काय मिळते? घरी पैसे पाठवणे मला चुकणार नाही. आईचे म्हणणे आहे की महसूल खात्याची भरती द्यावी, म्हणजे ‘ज्यांनी नोंद केली त्यांच्याच खुर्चीत बसशील’. मामा म्हणतात की एल.एल.बी. होताच न्यायाधीशाची परीक्षा द्यावी. आईचे म्हणणे मला अगदीच चुकीचे वाटत नाही, हेही प्रामाणिकपणे नमूद करते.

प्रतिसाद: दिवाणी व महसूल वकील, सातारा जिल्हा

ताई, पडताळणीचे काम आजच सुरू करा, प्रवेश परीक्षेच्या निकालाची वाट पाहू नका. शाळेचा दाखला नसेल तर ‘कोतवाल बुक’ शोधायचे. गाव नमुना १४, म्हणजे जन्म-मृत्यूची जुनी नोंदवही, तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात असते आणि त्यात नावापुढे बहुधा जात लिहिलेली असते. आजोबांचे जन्मसाल नक्की माहीत नसेल तर पुढची-मागची दहा वर्षे पाहा, आणि आजोबांच्या भावंडांच्या, पणजोबांच्या नोंदीही पाहा. पितृकुळातील कोणाचीही नोंद उपयोगी पडते. भावकीत कोणाला आधीच वैधता मिळाली असेल तर त्याची प्रत आणि वंशावळीचे शपथपत्र जोडा. गुऱ्हाळ लांबते ते कागद अपुरे दिल्यामुळे.

महाविद्यालय साताऱ्यातलेच घ्या. पुस्तके सगळीकडे तीच असतात, पण सकाळचे तास आटोपून जिल्हा न्यायालयात मागच्या बाकावर जाऊन बसता येणे मोलाचे आहे. कनिष्ठ न्यायालयांची भाषा १९९८ च्या अधिसूचनेने मराठी झालेली आहे. कैफियत, साक्ष, युक्तिवाद सारे मराठीत चालते. मात्र उच्च न्यायालयाचे काम आणि आधाराला द्यायचे निवाडे इंग्रजीत असतात. १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला सर्किट बेंच सुरू झाल्याने सातारा आणि सांगलीसह सहा जिल्ह्यांच्या पक्षकारांची मुंबईची वारी वाचली आहे, त्यामुळे आता तालुक्यातल्या वकिलालाही आपले प्रकरण वरपर्यंत नेता येते. म्हणून इंग्रजी बोलण्याची चिंता सोडा आणि वाचण्याची सवय लावा. रोज एक निवाडा, शब्दकोश शेजारी ठेवून.

एक गोष्ट थोडी कडू आहे, पण तुम्हाला वकील व्हायचे आहे म्हणून सांगतो. फेरफार म्हणजे मालकी नव्हे. ती महसुलाची नोंद आहे. ती चुकल्याने तुमच्या वडिलांचा किंवा आत्यांचा हिस्सा बुडाला नव्हता. प्रांतांकडचे अपील गेले तरी दिवाणी न्यायालयात वाटपाचा दावा आणि सोबत मनाईचा अर्ज हा मार्ग मोकळा होता, आणि त्यासाठी आत्यांच्या हक्कसोडीची काहीच आवश्यकता नव्हती. तुम्ही सगळा भर त्या १५ दिवसांवर दिला आहे, तो अर्धाच बरोबर आहे. मुदत चुकल्यावर कोणते दार उघडे राहते हे ठाऊक असणे, आमच्या कामाचा मोठा भाग तोच आहे.

मामांना सांगा की २० मे २०२५ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने कनिष्ठ स्तर दिवाणी न्यायाधीशाच्या परीक्षेसाठी तीन वर्षांची वकिली आवश्यक केली आहे. म्हणजे त्या वाटेनेही आधी काळा कोट घालावाच लागेल.

प्रतिसाद: दोन वर्षांपासून सांगलीत ज्युनिअर

पैशाचे मी सांगते, कारण ज्येष्ठ मंडळी हा विषय टाळतात. भारतीय विधिज्ञ परिषदेने ऑक्टोबर २०२४ मध्ये ज्युनिअरला ग्रामीण भागात दरमहा किमान १५,००० आणि शहरात २०,००० रुपये द्यावेत अशी शिफारस केली. ती शिफारसच आहे. मला पहिले आठ महिने एसटीचा पास आणि डब्याचे पैसे एवढेच मिळत होते. आज त्याहून बरे आहे, पण घरी पाठवण्याइतके अजून नाही. सनद घेतल्यावर पूर्ण वेळ पगारी नोकरी करता येत नाही, हेही ध्यानात ठेवा. तेव्हा शिकत असतानाच वर्षभराचा खर्च बाजूला काढता आला तर पाहा; माझ्या मते पुणे नको म्हणायला हेच कारण पुरेसे आहे.

सनदीचे शुल्क आता जड नाही. ३० जुलै २०२४ च्या निकालानंतर राज्य परिषदांना कायद्यात लिहिलेल्या शुल्काहून, म्हणजे सर्वसाधारण उमेदवाराकडून ७५० रुपयांहून, जास्त नोंदणी शुल्क घेता येत नाही. त्यानंतरची अखिल भारतीय बार परीक्षा मराठीतून देता येते.

वरिष्ठ निवडताना त्यांचे नाव किती मोठे आहे हे पाहू नका, ते ज्युनिअरला उभे राहू देतात का ते पाहा. माझ्या पहिल्या कार्यालयात मी पाच महिने फक्त मुदतीचे अर्ज लिहिले आणि तारखांची डायरी सांभाळली. दुसऱ्या कार्यालयात तिसऱ्याच आठवड्यात साक्षीदाराचा उलटतपास घ्यायला लावला; पाय लटपटले, पण शिकले. आणखी एक: वरिष्ठांच्या कारकुनाशी नीट वागा. दाव्याला कोणता कागद कुठल्या क्रमाने लावायचा हे मला त्यांनीच शिकवले.

आताच काही करायचे असेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात विधी स्वयंसेवक म्हणून नाव नोंदवा. त्यासाठी वकील असावे लागत नाही.

मूळ प्रश्नकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. सोमवारी दहिवडीच्या तहसील कार्यालयात नकलेचा अर्ज देणार आहे. आजोबांचा जन्म ‘मोठ्या दुष्काळाच्या आदल्या साली’ एवढेच आजीला आठवते, त्यामुळे वीस वर्षांच्या नोंदी पाहाव्या लागतील असे दिसते. वर्षभराच्या खर्चाचा हिशेब मांडून पाहिला. पुणे मी सोडले आहे.

वकील साहेबांचा तिसरा परिच्छेद मी वडिलांना फोनवर वाचून दाखवला. ते बराच वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले की मेंढरे रानात शिरली आहेत, नंतर बोलतो.

त्यातूनच एक नवा प्रश्न पडला आहे. दस्त रद्द करून मागण्यासाठी मुदत कायद्यात तीन वर्षे दिली आहेत, असे ग्रंथालयात वाचले. हक्कसोड होऊन चार वर्षे झाली. ही तीन वर्षे दस्ताच्या तारखेपासून मोजतात, की आत्यांना खरी परिस्थिती कळल्यापासून? आत्यांशी मी यावर अजून बोललेले नाही.

प्रतिसाद: दिवाणी व महसूल वकील, सातारा जिल्हा

मुदत अधिनियमाच्या अनुच्छेद ५९ प्रमाणे, दस्त रद्द करून मागण्याचा हक्क ज्या वस्तुस्थितीमुळे मिळतो ती प्रथम कळल्यापासून. मात्र आत्यांना केव्हा काय कळले हे साक्षीने सिद्ध करावे लागेल, आणि दस्त त्यांना त्याच दिवशी वाचून दाखवल्याचे समोरचा वकील सर्वांत आधी काढेल. त्यात साक्षीदार तुम्हीच असाल. तेव्हा आधी आत्यांना विचारा. त्यांची तयारी असेल तर हक्कसोडीची नोंदणीकृत प्रत, फेरफाराचा उतारा आणि प्रांतांचा आदेश घेऊन त्यांना स्वतःला विधी सेवा प्राधिकरणात घेऊन या. १९८७ च्या कायद्याच्या कलम १२ खाली महिलांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. मंगळवार ते गुरुवार अकरानंतर मी न्यायालयातच असतो, निरोप ठेवा.