मदत हवी आहे: सासूबाईंनी ट्रायलवाल्यांना दुखण्याची गोळी सांगितलीच नाही, आता काय करू?

नमस्कार मंडळी, इंदूरहून लिहितेय, सुदामानगर. जरा लांबेल पण वाचून सांगा प्लीज, बुधवारी परत बोलावलंय.

सासूबाई ६८ वर्षांच्या, शुगर १७ वर्षांपासून, मेटफॉर्मिन चालू, बीपीला टेल्मीसार्टन आणि हायड्रोक्लोरोथायझाइड एकत्र असलेली गोळी. मागच्या वर्षी रक्तातलं क्रिएटिनिन (हे वाढलं की किडनीचं काम मंदावलं समजायचं) १.१ होतं, दिवाळीनंतर १.६ आलं. किडनीचे डॉक्टर म्हणाले, आमच्याकडे अशा पेशंटवर एका नवीन औषधाची ट्रायल चालू आहे, बसत असतील तर घेऊ. म्हणजे रोजची औषधं आहेत तशीच, वर एक गोळी, ती खरी की नुसती दिसायला तशी हे पेशंटला पण माहीत नाही आणि डॉक्टरांना पण नाही. तपासण्या फुकट, जाण्यायेण्याचं भाडं मिळतं.

तिथली कोऑर्डिनेटर मुलगी एकेक औषध शांतपणे विचारून लिहून घेत होती. शेवटी म्हणाली, "आंटी, इसके अलावा कोई दवाई?" सासूबाई म्हणाल्या, "नहीं बेटा." मी शेजारीच बसले होते, मलाही तेच खरं वाटलं. आणि परवा देवघराखालचा कप्पा आवरताना श्रीखंडाचा जुना डबा निघाला, त्यात गोळ्यांच्या पत्त्यांचे तुकडे, मेडिकलवाला कात्रीने कापून दोन-दोन तीन-तीन देतो ना तसे. नाव, एक्सपायरी सगळं कापलं गेलेलं, एका तुकड्यावर फक्त 'क्लोफेनॅक' एवढंच उरलंय. गुडघ्यांसाठी घेतात, रोज एक, कधी दोन, वर्ष होत आलं. विचारलं तर म्हणे, "अगं ते काय औषध आहे का, दुखण्याची गोळी आहे ती." मग थोड्या वेळाने हळूच, "सांगितलं असतं तर मला घेतलं नसतं, घेतलं तर तपासण्यांचा तेवढाच तुमचा खर्च वाचतो." मला रडूच आलं.

आता सांगितलं तर काढून टाकतील का? आणि नाही सांगितलं तर त्यांना काही होईल का? शिवाय आमचे काकासासरे सहीच करू नका म्हणतायत. इंदूरात ट्रायल म्हटलं की मोठी माणसं दचकतातच, इथल्या ट्रायल्सवरून किती गदारोळ झाला होता, २०१२ ला स्वास्थ्य अधिकार मंच ही संस्था त्यावरून सुप्रीम कोर्टात गेली होती, त्यांना सगळं आठवतं.

बडोदेकर_फार्मा: ताई, बुधवारपर्यंत पण थांबू नका, उद्याच फोन करून सांगा. ट्रायल राहू दे बाजूला, आधी किडनी बघा. डायक्लोफेनॅकसारख्या दुखण्याच्या गोळीमुळे किडनीत रक्त येण्याची वाट आखडते, टेल्मीसार्टनमुळे रक्त बाहेर जाण्याची वाट सैल होते, आणि त्याच गोळीतलं हायड्रोक्लोरोथायझाइड, म्हणजे लघवी वाढवणारं औषध, अंगातलं पाणी कमी करतं. तिन्ही एकत्र आले की किडनीतला रक्ताचा दाब कमी होतो. ब्रिटनमध्ये बीपीची औषधं घेणाऱ्या ४ लाख ८७ हजार लोकांवरचा अभ्यास २०१३ ला आला होता, त्यात हे त्रिकूट घेणाऱ्यांत किडनीला अचानक इजा होण्याचं प्रमाण ३१ टक्के जास्त दिसलं, पहिल्या ३० दिवसांत तर ८२ टक्के. बीपीची गोळी मात्र आपल्या मनाने बंद करू नका हं. आणि ट्रायलचं म्हणाल तर समजा आत गेल्यावर त्यांनी दुखण्याची गोळी सोडली आणि क्रिएटिनिन उतरलं, तर श्रेय त्या नव्या औषधाला जाईल, आणि वाढलं तर दोष त्याला लागेल. पुढे ज्या हजारो लोकांना ते औषध द्यायचं की नाही हे ठरणार, त्यांच्या हिशोबात ही चूक बसते. मी औषधांच्या दुष्परिणामांच्या रिपोर्टवरच काम करतो, 'इतर औषधे' हा रकाना निम्म्या वेळा कोरा असतो हो.

लष्करवाली_ग्वाल्हेर: काकांची भीती रास्त आहे, पण त्यानंतर नियम बरेच कडक झालेत. २०१९ च्या नियमांत ट्रायलमुळे इजा झाली तर उपचार फुकट आणि भरपाई दोन्ही आहेत, आणि मधूनच बाहेर पडलं तरी नेहमीचे उपचार थांबवता येत नाहीत. सहीआधी माहितीपत्रक घरी आणा, सही झाली की त्याची प्रत मागून घ्या, एथिक्स कमिटीचा (ट्रायलमधल्या पेशंटचं हित बघणारी समिती) नंबर त्यात असतोच. सीटीआरआयचा (देशातल्या ट्रायल्सची सरकारी नोंदवही) रजिस्ट्रेशन नंबर पण विचारा, साइटवर टाकला की सगळी माहिती दिसते. सासूबाईंना हिंदी वाचायला जड जात असेल तर मराठी प्रत मागा, त्यांना समजेल अशा भाषेत देणं बंधनकारक आहे.

धागाकर्ती: खूप खूप आभार दोघांचे. आज फोन केला, ती मुलगी अजिबात रागावली नाही, उलट म्हणाली बरं झालं बताया. डॉक्टरांनी दुखण्याची गोळी आजपासून बंद केलीय, दोन आठवड्यांनी क्रिएटिनिन परत करायचं, ट्रायलचं त्यानंतर बघू म्हणाले. डबा घेऊन या असं सांगितलंय, म्हणून तुकडे तसेच ठेवलेत. फक्त रात्री गुडघे फार ठणकतात त्यांचे, शेक चालू आहे, डॉक्टर भेटेपर्यंत आणखी काय करता येईल? ज्यांच्या घरी किडनीचे पेशंट आहेत त्यांनी प्लीज सांगा.