पिशवी लोंबू नये म्हणून
ताई, जुन्या स्वेटरची शिवलेली पिशवी भाजी भरली की गुडघ्यापर्यंत लोंबते म्हणालात. विणकाम आहे, ताणणारच. आधी शिवणीच्या आतल्या कडेचा, विणीतला एक धागा काढून जाळून बघा. जळक्या केसांचा वास आला आणि राख चुरगळली तर लोकर, वितळून कडक गोळी झाली तर अ‍ॅक्रिलिक. लोकर असेल तर गरम पाण्यात साबण घालून खसाखसा चोळा, आटून नमद्यासारखी, म्हणजे दाबलेल्या लोकरीच्या जाड कापडासारखी घट्ट होते, मग कापली तरी सहसा उसवत नाही. अ‍ॅक्रिलिक तसं आटत नाही, आणि मुंबईत महाबळेश्वरपुरते घेतलेले स्वेटर बहुतेक तेच! त्याला आतून जाड सुती अस्तर हवंच. कापड मंगलदास मार्केटात बघा. पिशवीचे खांद्याचे बंद मात्र विणू नका, सरळ नवारीची (खाटेला विणतात तसली जाड) पट्टी लावा. स्वेटर उसवून धागा काढायचा असेल तर ओव्हरलॉक शिवणीचा (कापलेल्या कडेवर मशीनने धागे गुंडाळलेला) स्वेटर नको, हाती नुसते तुकडे येतात.