अमेरिकेत रिक्रिएशनल पायलट: विमानात कोणती कागदपत्रं सोबत ठेवायची? सल्ला हवा

सातरस्ता_ते_रनवे:
नमस्कार मंडळी. मी मूळचा सोलापूरचा, नोकरीला ओहायोत. दोन वर्षांपूर्वी तिथं रिक्रिएशनल पायलटचं (हौशी उड्डाणाचं, प्रायव्हेट पायलटपेक्षा मर्यादित) सर्टिफिकेट काढलं. वडिलांच्या बायपाससाठी आलो तो सात महिने इथंच आहे. आता ते रोज सकाळी स्वतः फिरायला जातात, म्हणून पुढच्या महिन्यात परत निघतोय.

आईने माझ्या विमानाच्या कागदांसाठी चादरीच्या कापडाची पिशवी शिवायला घेतलीय. किती कप्पे पाडू म्हणून रोज विचारते आणि मला धड उत्तर देता येत नाही. आजवर क्लबमधली जुनी मंडळी सांगायची ते घेऊन जायचो. मुख्य शंका लॉगबुकची, म्हणजे उड्डाणांच्या नोंदवहीची. ते दर वेळी न्यायचं का? हरवलं तर 74 तासांची नोंद जाईल.

प्रॉपवॉश:
वडील सावरले हे वाचून बरं वाटलं. मी टेक्सासमध्ये प्रायव्हेट पायलट आहे. आधी विमानाचे कागद आणि तुमचे कागद वेगळे करा.

विमानाचे कागद विमानातच राहतात: एअरवर्दिनेस सर्टिफिकेट (विमान उडण्यायोग्य असल्याचा दाखला), रजिस्ट्रेशन, ऑपरेटिंग लिमिटेशन्स (म्हणजे मॅन्युअल आणि पॅनलवरच्या पाट्या) आणि वजन-संतुलनाचा कागद. रेडिओचा परवाना फक्त देशाबाहेर जाताना लागतो. एअरवर्दिनेस सर्टिफिकेट केबिन किंवा कॉकपिटच्या दाराशी वाचता येईल असं लावलेलं असावं लागतं. विमान क्लबचं असलं तरी उडवण्याआधी हे स्वतः बघायचं. एकदा मी भाड्याने घेतलेल्या विमानातल्या रजिस्ट्रेशनची मुदत संपलेली निघाली. सगळी तयारी झालेली, हवा सुंदर, पण तसाच घरी आलो.

तुमचे स्वतःचे तीन: पायलट सर्टिफिकेटचं प्लॅस्टिक कार्ड, मेडिकल (वैद्यकीय दाखला) आणि फोटो असलेलं सरकारी ओळखपत्र. कार्डाचा मोबाइलमधला फोटो म्हणजे कार्ड नव्हे. मेडिकल साध्या कागदावर असतं. माझं पहिलं शर्टाच्या खिशात घामाने विरलं, तेव्हापासून ते प्लॅस्टिकच्या पाकिटात ठेवतो.

लॉगबुक मी घरीच ठेवतो. तपासणीसाने मागितलं तर नंतर नेऊन दाखवता येतं.

कर्णिकनगर:
प्रॉपवॉश यांचं बाकी सगळं बरोबर, पण लॉगबुकचं उत्तर प्रायव्हेट पायलटचं आहे. रिक्रिएशनलला ते चालत नाही ओ. मी स्वतः आधी रिक्रिएशनलच काढलं होतं, म्हणून कळकळीने सांगतो.

निघालेल्या विमानतळापासून 50 सागरी मैलांच्या आत उडायचं तरी प्रशिक्षकाचा लॉगबुकातला शेरा लागतो आणि तो विमानात तुमच्याजवळ असावा लागतो. 50 मैलांपलीकडे जायला क्रॉस-कंट्रीचा वेगळा शेरा, टॉवरशी बोलावं लागतं अशा हवाई क्षेत्रात शिरायला आणखी वेगळा, आणि हे शेरेही जवळ असायला हवेत. त्यामुळे मूळ लॉगबुक पिशवीत ठेवा. हरवण्याची भीती असेल तर प्रत्येक पान स्कॅन करून एक प्रत सोलापूरला आईकडे ठेवा. नवीन नोंद झाली की लगेच फोटो काढून पाठवायचा.

आता कागदांपेक्षा महत्त्वाचं. तुम्ही सात महिने इथं आहात आणि तास 74. रिक्रिएशनल पायलटचे एकूण तास 400 पेक्षा कमी असतील आणि मागच्या 180 दिवसांत त्याने पायलट-इन-कमांड (विमानाची जबाबदारी असलेला पायलट) म्हणून उड्डाण नोंदवलं नसेल, तर प्रशिक्षकासोबत उड्डाण करून नवीन शेरा घेतल्याशिवाय त्याला विमान नेता येत नाही. तुम्ही सगळे कागद नीट लावून गेला असतात आणि तरी नियम मोडला असता. शिवाय सर्टिफिकेटला दोन वर्षं होताहेत म्हणता, म्हणजे 24 महिन्यांचा फ्लाइट रिव्ह्यूही (प्रशिक्षकाकडून होणारी ठरावीक मुदतीची उजळणी) आलाच. दोन्ही एकत्र उरकता येतात. आजच प्रशिक्षकाला मेल टाका.

प्रॉपवॉश:
कर्णिकनगर यांचं बरोबर आहे, माझा सल्ला तुमच्यासाठी चुकीचा होता. मनापासून आभार.

नीरेकाठचा:
मी बारामतीला शिकलो. ओहायोत याचा उपयोग नाही, पण सोलापूरचं कुणी इकडे शिकत असेल तर त्याच्यासाठी लिहितो. आपल्याकडे 1937 च्या विमान नियमांतला नियम 7 याच विषयाचा आहे. रजिस्ट्रेशन, एअरवर्दिनेस आणि त्याचं रिव्ह्यू सर्टिफिकेट, जर्नी लॉग (विमानाच्या प्रवासांची नोंदवही) हे विमानाचे कागद. पायलटकडे लायसन्स, क्लास 2 मेडिकल आणि रेडिओ टेलिफोनीचं लायसन्स. फेब्रुवारी 2025 पासून डीजीसीएने (आपल्याकडच्या नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने) इलेक्ट्रॉनिक लायसन्सही सुरू केलंय, ते मोबाइलच्या अ‍ॅपमध्ये दिसतं. दोन्ही देशांच्या याद्या सारख्या वाटतात, कारण मूळ 1944 च्या शिकागो कराराच्या (नागरी विमान वाहतुकीवरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या) 29 व्या कलमात आहे.

सोलापूरच्या होटगी रोड विमानतळावरून आता प्रवासी विमानं उडायला लागलीत. आपल्या गावची पोरं कॉकपिटमध्ये दिसायला हवीत, म्हणून हे धागे नीट जपले पाहिजेत.

सातरस्ता_ते_रनवे:
कर्णिकनगर, 180 दिवसांचं माझ्या डोक्यातच नव्हतं. तुमचे उपकार आहेत. प्रशिक्षकांना मेल केला, त्यांनी परतल्यावरचा पहिला शनिवार दिलाय. सर्टिफिकेटची तारीखही तपासली. रिव्ह्यूची मुदत जेमतेम दीड महिन्याने संपतेय.

पिशवीचे कप्पे तीन ठरले: कार्ड आणि ओळखपत्राला एक, प्लॅस्टिकच्या पाकिटासह मेडिकलला एक, आणि मोठा लॉगबुकाला. विमानाचे कागद विमानात. आई विचारतेय, लॉगबुकाची लांबी-रुंदी किती. ते ओहायोत कपाटात आहे, खोलीवरच्या मित्राला मोजून पाठवायला सांगितलंय. तोवर तिने बंद आणि काठ शिवून ठेवलेत.