मदत हवी आहे: अण्णांचे फक्त डोळे आणि उजवी भुवई हलते, मराठीत लिहिण्यासाठी काय वापरावं?

नमस्कार. अण्णा म्हणजे माझे वडील, वय ६६, आम्ही सांगलीजवळ राहतो. तीन वर्षांपूर्वी मोटर न्यूरॉन डिसीजचं (स्नायू हलवणाऱ्या चेतापेशी हळूहळू निकामी होण्याच्या आजाराचं) निदान झालं. आधी हातातून कप निसटायला लागला, मग जीभ जड झाली, गेल्या पावसाळ्यात ट्रॅकिओस्टॉमी, म्हणजे श्वासासाठी गळ्याला छेद देऊन नळी, करावी लागली. तेव्हापासून आवाज बंद आहे. हातपाय हलत नाहीत. नजर मात्र नीट फिरते, उजवी भुवई उचलता येते आणि डोकं अगदी तल्लख आहे. पेपर वाचून दाखवताना माझी ओळ चुकली तर लगेच डोळे वटारतात.

सध्या आम्ही असं करतो. मी विचारते, "क ची ओळ? च ची? ट ची?" बरोबर ओळ आली की अण्णा भुवई उचलतात. मग त्या ओळीतलं एकेक अक्षर म्हणायचं. काना-मात्रा-वेलांटी विचारायला लागलं तर एका शब्दाला पाच मिनिटं जातात, म्हणून ते सोडून देतो आणि अंदाज बांधतो. तिथेच घोटाळा होतो. परवा "प", मग "ण" आलं. मी पळत जाऊन पाणी आणलं, चमच्याने ओठ ओले केले. अण्णांनी डोळे घट्ट मिटले, म्हणजे "नाही". परत सुरुवात केली. वीस मिनिटांनी वाक्य पूर्ण झालं: "पण तू जेवलीस का?" दुपारचे साडेतीन वाजले होते आणि मी जेवले नव्हते.

फोनच्या सुलभता सेटिंगमधलं भुवई उचलून बटण निवडायचं फीचर वापरून पाहिलं. दिवसा खिडकीपाशी बरं चालतं. संध्याकाळी ट्यूबलाइटमध्ये दहातले चार इशारे चुकतात, आणि सक्शनसाठी, म्हणजे नळीने कफ काढायला, मान हलवली की सगळं परत लावावं लागतं.

आता खरा प्रश्न. अण्णा बावीस वर्षं छापखान्यात जुळारी होते, म्हणजे अक्षरांचे खिळे जुळवून मजकूर लावायचे. गेल्या आठवड्यात त्यांनी "क", "स" सांगितलं. मला वाटलं केस विंचरायचे आहेत. विंचरले, तर डोळे मिटलेले. दुसऱ्या दिवशी परत तेच, "क", "स". रात्री भांडी घासताना डोक्यात प्रकाश पडला: खिळ्यांची केस! लाकडी खणांची, ज्यात जास्त लागणारी अक्षरं हाताशी आणि क्वचित लागणारी कोपऱ्यात असतात. त्यांना सांगायचं होतं की तुझी ओळींची पद्धतच चुकली आहे, र, त, न जवळ आण. आपली वर्णमाला ओळी-रकान्यांत बसते खरी, पण मराठीत सारखं लागणारं य-र-ल-व आणि स-ह शेवटी येतं, आणि ङ, ञ, झ, ठ वाटेत बसलेले असतात. दर वेळी त्यांना ओलांडून जायचं.

तर:
मराठीसाठी असा तक्ता कोणी केला आहे का? काना-मात्रा आणि जोडाक्षरं कशी बसवलीत?
नजर ओळखून पडद्यावर अक्षर निवडणारा, डोळ्यांनी चालणारा कॅमेरा घरी वापरणारं कोणी आहे का?
अण्णांचे जुने व्हॉट्सअ‍ॅप व्हॉइस मेसेज आहेत, साधारण चाळीस मिनिटांचे. त्यातून त्यांचा आवाज तयार होईल का?

भाऊ पुण्याहून मेंदूत चिप बसवल्याचे व्हिडिओ पाठवत असतो. आई ते बघते आणि मग रात्रभर जागी राहते. त्याबद्दलही कोणी नीट सांगितलं तर बरं होईल.

प्रतिसाद १
ताई, मी स्पीच थेरपिस्ट आहे. कॅमेऱ्याच्या मागे लागण्याआधी पारदर्शक तक्ता करा. ई-ट्रान म्हणतात त्याला. ए३ आकाराचा अ‍ॅक्रिलिक घ्या, मध्ये चेहरा दिसेल एवढं भोक, कडेने आठ गट. गटातल्या प्रत्येक अक्षराला वेगळा रंग, आणि कडेने त्या त्या रंगाचा एकेक ठिपका. अण्णा आधी गटाकडे बघतात, मग त्या अक्षराचा जो रंग, त्या रंगाच्या ठिपक्याकडे. दोन नजरांत एक अक्षर. अक्षरं त्यांच्या बाजूने सुलटी हवीत, तुम्हाला उलटी दिसतील, आठवड्यात सवय होते. समोरासमोर, त्यांच्या डोळ्यांच्या रेषेत बसा. मात्रांचा एक वेगळा गट करा आणि त्यात काना पहिला ठेवा. जोडाक्षरासाठी एक "जोड" अशी खूण पुरते. आणि शब्द अर्धा आला की अंदाज मोठ्याने सांगा, पण "हो" मिळाल्याशिवाय उठू नका. पाण्याच्या वेळी तेच झालं.

प्रतिसाद २
मी एम्बेडेड सिस्टिम्समध्ये (यंत्रांच्या आत बसणाऱ्या छोट्या संगणकांवर) काम करतो, म्हणून फक्त यंत्राबद्दल लिहितो. भुवईची एक हालचाल खात्रीची असेल तर ते एक बटण समजा. याच आजाराचे शास्त्रज्ञ स्टीफन हॉकिंग शेवटची अनेक वर्षं एकाच हालचालीवर लिहीत होते: गालाचा स्नायू हलला की चष्म्यावरच्या इन्फ्रारेड सेन्सरला कळायचं आणि पडद्यावर फिरणारा कर्सर तिथे थांबायचा. इंटेलने त्यांच्यासाठी केलेली ती प्रणाली, एकॅट, २०१५ मध्ये सर्वांसाठी खुली केली. भुवईवर उजेडाचा परिणाम होऊ नये म्हणून कॅमेऱ्याऐवजी असा चष्म्यावरचा सेन्सर बघा. साधा यूएसबी माउस उघडून डाव्या बटणाच्या दोन टोकांना ३.५ मिमी जॅक जोडला की कुठलाही स्विच लावता येतो. खर्च माउसचा आणि सोल्डरिंगचा.

चिपबद्दल: २०२३ मध्ये स्टॅनफर्डच्या गटाने एएलएस (मोटर न्यूरॉन डिसीजचाच एक प्रकार) झालेल्या एका बाईंच्या मेंदूतल्या इलेक्ट्रोडवरून, त्या जे बोलू पाहत होत्या ते, मिनिटाला ६२ शब्द या वेगाने वाचलं. २०२४ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस केंद्रात एका रुग्णाच्या बाबतीत असे शब्द ओळखण्यात ९७ टक्क्यांपर्यंत अचूकता आली. दोन्ही खऱ्या गोष्टी आहेत, पण दोन्ही संशोधनाच्या चाचण्या आहेत, शस्त्रक्रिया करून, मोजक्या लोकांवर. शिवाय ते यंत्र आधी इंग्रजीतले ध्वनी ओळखतं आणि मग इंग्रजीच्या भाषा-मॉडेलने वाक्य जुळवतं. मराठीसाठी दोन्ही पायऱ्या नव्याने बांधाव्या लागतील. आईंना सांगा, यासाठी जागरण नको.

आवाजासाठी आयआयटी मद्रासमधल्या एआय४भारत या गटाने मराठीसह भारतीय भाषांची बोलणारी मॉडेल्स खुली ठेवली आहेत. चाळीस मिनिटं चांगली आहेत. मूळ फाइल्स आजच दोन ठिकाणी जपून ठेवा, फोन बदलताना जातात.

प्रतिसाद ३
माझी बायको याच आजाराने गेली, दोन वर्षं झाली. एकच गोष्ट सांगतो, ती आधी करा. बोलण्याचा तक्ता आणि हाक मारायची बेल वेगवेगळी ठेवा. कफ अडकला तर अक्षरं जुळवायला वेळ नसतो. आम्ही तिच्या भुवईच्या स्विचवर दाराच्या बेलसारखी बेल लावली होती आणि रात्री मी शेजारच्या खोलीत झोपू शकलो. डोळ्यांचा कॅमेराही होता. सकाळी तासभर छान चालायचा, मग डोळे कोरडे पडून जळजळायचे. म्हणून काचेचा तक्ता कायम उशाशी असायचा.

धागाकर्ती
सगळे प्रतिसाद अण्णांना वाचून दाखवले. काका, तुमचा वाचताना मला मध्ये थांबावं लागलं. भाऊ शनिवारी येतोय, बेल त्याच दिवशी लावतो.

मग अण्णांनी तक्ता स्वतः ठरवायला घेतला. दीड तास लागला, मधे दोनदा सक्शन. पहिल्या गटात र, त, न, य, ल. काना मधोमध, डाव्या हाताला. "ळ" मी कोपऱ्यात टाकला होता, तर डोळे मिटले. विचारत विचारत कळलं: ळ जवळ पाहिजे, "मिळालं", "कळलं", "वेळ" सारखं लागतं. ङ आणि ञ काढूनच टाकले. रंग निवडताना हिरवा आणि निळा संध्याकाळी सारखेच दिसतात असं त्यांनी सांगितलं, म्हणून निळ्याऐवजी काळा घेतला आहे.

आता अ‍ॅक्रिलिक कापून त्यावर अक्षरं चिकटवायची आहेत. सांगली-मिरजेत व्हिनाइलची देवनागरी अक्षरं सुबक कापून देणारं कोणी असेल तर सांगा. टाइप जाड हवा, काना अक्षरापासून सुटा दिसला पाहिजे. अण्णांची अट आहे.